माझा आवाज मोर्चात गेला नव्हता

ये गं शालू, अशी जवळ बस. उंबऱ्यात नको, इथे चटईवर ये. हे दुखणं श्वासातून लागत नाही, माझ्या कपाला तोंड लावलंस तरी लागत नाही, परळच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः सांगितलंय. तुलाही ते ठाऊक आहे. तरी मागच्या रविवारी भाऊजींच्या हाती बांगड्याच्या तिखल्याचा डबा वर पाठवलास आणि स्वतः खाली रस्त्यावर उभी राहिलीस. माझं अंथरूण आता गॅलरीच्या दाराशीच असतं, कठड्याच्या फटीतून खालचं सगळं दिसतं. डोक्यावरून पदर ओढून दुकानांच्या पाट्या वाचत होतीस. तू लग्न होऊन लालबागेत आलीस तेव्हापासून त्या पाट्या तशाच आहेत, त्यात नवीन काय वाचत होतीस? थोरल्या जावेशी असं वागतात होय? रागावली आहेस, रागाव. पण वर येऊन रागाव की.

तिखलं चांगलं झालं होतं. मीठ जरा कमी.

हे मी कागदावर लिहितेय त्याला कारण आहे. इस्पितळात एक समाजसेविका बाई येतात, त्या म्हणाल्या, चंद्राबाई, तुम्ही एवढं बोलता, ते लिहून द्या, वॉर्डातल्या बायकांना वाचून दाखवीन. मी शाळेत गेले नाही, कुसुमच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, त्या पोटात घाला. तर ऐकणाऱ्या बायांनो, शालू म्हणजे माझी धाकटी जाऊ. आता वडाळ्याला राहते. नाव मी बदललंय, तुम्ही शोधू नका. तिच्या छातीत गाठ आहे आणि ती अजून कुठल्याच डॉक्टरला दाखवलेली नाही. त्याला कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची कितीही रड गायले तरी तुम्ही हे विसरणार नाही.

*

माझी गाठ मला सापडली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. पाळी जायचे दिवस होते. कधी पंधरा दिवसांनी यायची, कधी तीन महिने तोंड दाखवायची नाही. अंगातून वाफा निघायच्या. जेवता जेवता उठून गॅलरीत जाऊन उभी राहायचे, लुगडं घामाने पाठीला चिकटलेलं. शेजारच्या बायका हसायच्या, म्हणायच्या, चंद्राक्काची भट्टी पेटली. मीही हसायचे. राग आला, पाळीमुळे. रडू आलं, पाळीमुळे. डाव्या छातीत सुपारीएवढं काही हाताला लागलं, तेही पाळीमुळेच.

आमच्या चाळीत एक म्हातारी सुईण होती. तिने चाचपून सांगितलं, जुनं दूध साठलंय, आंबेहळद उगाळून लाव, विरघळेल. माझी कुसुम तेव्हा सतरा वर्षांची. सतरा वर्षं दूध अंगात कसं राहील, हा साधा विचार मला सुचला नाही बघ. का सुचला नाही, ते आता कळतं. सुचायला नको होता. पाच महिने मी रोज सहाणेवर आंबेहळद उगाळली. चोळ्या पिवळ्या झाल्या. कुसुम कपडे धुताना विचारायची, आई, हे काय गं? मी म्हणायचे, मसाला सांडला.

मग एक दिवस मोरीत आंघोळ करताना दिसलं की तिथली कातडी आत ओढली गेलीय. मोदकाच्या पिठाला चिमटा बसावा तशी. दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात माझ्या अंगाविषयी ह्यांना काही सांगायची ती पहिलीच वेळ.

*

निकाल सांगितला त्या दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगडविटांचा सडा. आम्ही दोघं लालबागेहून परळला चालत गेलो. इस्पितळात डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. दुखणं माझं, आणि बोलणं त्यांच्यात. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. हे बाहेर आले तेव्हा डोक्यावरची टोपी हातात होती. शालू, तुझ्या थोरल्या दिरांना तू घराबाहेर कधी बिनटोपीचं पाहिलंयस? मी पाहिलं नव्हतं. मला मग वेगळं काही विचारावं लागलं नाही.

परतताना हे नेहमीसारखे दहा पावलं पुढे चालत होते. पुलाच्या अलीकडे थांबले. मी जवळ आले तशी खालच्या आवाजात म्हणाले, "कोणाक सांगा नको. चेडवाचा लगीन व्हवचा आसा."

त्यांचं काही चुकलं नाही. घरात असा रोग आहे म्हटल्यावर कुसुमला कोण करून घेणार? रोग आईकडून मुलीत उतरतो असं लोक बोलतात. खरं की खोटं मला आजही माहीत नाही, पण लोक बोलतात एवढं पुरे होतं. मी मान हलवली. सगळी सुरुवात त्या मान हलवण्यापासून झाली.

चाळीत सांगितलं, चंद्रा गावी गेली. तुलाही तेच. परत आल्यावर तू विचारलंस, अक्का, यंदा गावी फणस कसे धरलेत? मी म्हटलं, भरपूर, फांद्या वाकल्यात. कुठले फणस आणि कुठलं गाव. वॉर्डाच्या खिडकीतून मला एक पिंपळ दिसायचा, तेवढंच काय ते हिरवं.

*

ऑपरेशनचं फार सांगत नाही. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर एवढं बँडेज होतं की काय राहिलं आणि काय गेलं ते कळेना. उजव्या बाजूच्या खाटेवर वरळी गावची एक कोळीण होती, तिला मी हौसाबाई म्हणेन. तिचं आठ दिवस आधी झालेलं. मी डोळे उघडून छताकडे बघत होते, तर ती म्हणाली, "काय बाय, तुजापन तराजू कलला नाय?" मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. नर्सने दोघींना दम दिला.

वॉर्डातली सकाळ फार लवकर व्हायची. आया येऊन खिडक्या उघडायची, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. त्या गाडीच्या चाकाचा आवाज ऐकला की आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या. ड्रेसिंग झालं की भिंतीचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं किड्यासारखी वर वर चालवायची, हात जाईल तिथवर. पेन्सिलीने खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्या खुणेच्या वर जायचं. हौसाबाई म्हणायची, मी टोपली डोकीवर चढवायला शिकते परत. तिची खूण रोज माझ्यापेक्षा चार बोटं वर असायची, आणि ती ते मला दाखवल्याशिवाय राहायची नाही.

हे गिरणीतल्या पहिल्या पाळीवरून सुटले की थेट यायचे. केसांत, भुवयांवर कापूस तसाच. पितळेच्या डब्यात पेज आणि सुकटाची चटणी. माझे पाय चेपायचे, तेही चादरीवरून, कारण भोवती बायका. एकदा मी म्हटलं, अहो, काहीतरी बोला. बराच वेळ विचार करून म्हणाले, गिरणीत नवीन जॉबर आलाय. त्यावर आम्ही दोघं त्या नव्या मुकादमाविषयी पाऊण तास बोललो. त्या जॉबरचं भलं होवो.

जखम भरल्यावर विजेचे शेक दिले. छातीवर दिले आणि ओटीपोटावरही, पाळी कायमची बंद व्हावी म्हणून. ती तशीही दाराशीच उभी होती, तिला धक्का मारून बाहेर काढली. मग तर वाफांचा कहर झाला. ह्याला इलाज नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोसा. सोसणं मला येत होतं, ते शिकवावं लागलं नाही.

घरी आले. चोळीत डाव्या बाजूला जुन्या धोतराची घडी शिवून घातली, कुसुमने शिवली. दोरा दातांनी तोडला आणि घडी दोनदा दाबून पाहिली.

*

दीड वर्ष बरं गेलं. मला वाटलं, सुटले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातसुद्धा जायला लागले. तुला आठवतंय ना, चाळीतल्या बायकांची फळी निघायची तेव्हा घोषणा द्यायला पुढे मीच असायचे. मुंबईसह म्हटलं की मागून पन्नास बायका उठायच्या. माझा आवाज कोपऱ्यावरच्या गिरणीच्या दारापर्यंत जायचा, असं लोक म्हणायचे. बारसं असलं की पाळणा म्हणायलाही मलाच बोलावणं.

मग पाठ दुखायला लागली. मला वाटलं, पाणी भरून दुखतेय. फोटो काढला, तर हाडात उतरलेलं.

ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मलाच आत बोलावलं. वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी समजावलं की ह्या रोगाला बाईच्या अंगातल्या रसाचं खतपाणी मिळतं, म्हणून आता पुरुषाच्या अंगातल्या रसाची इंजेक्शनं द्यायची. आठवड्यातून तीनदा. रोग मागे हटेल का, विचारलं. म्हणाल्या, काहींचा काही दिवस हटतो. मी गंमत म्हणून विचारलं, मग मला मिशी येईल का हो? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थोडी येईल. आवाजही बदलेल."

आली. आधी हनुवटीवर, मग ओठावर. सकाळी खोलीचं दार लोटून कुसुम चिमट्याने एकेक केस उपटायची. चेहरा तेलकट, अंगावर पुटकुळ्या, सोळाव्या वर्षी आल्या नव्हत्या त्या आता आल्या. भूक राक्षसासारखी. आणि बायांनो, तुमच्यापासून काय लपवू, ह्या वयात नको ती इच्छा अंगात उठायला लागली, तीही अशा अंगात की ज्याकडे बघायला मी स्वतः धजत नव्हते. कुणाला सांगणार? ह्यांच्याकडे पाठ करून झोपायचे. पण पाठीचं दुखणं हटलं, हे खरं. महिना-दीड महिन्यात मी पुन्हा कळशी उचलायला लागले, उजव्या हाताने.

मग एके सकाळी नळावर मी पुढच्या बाईला म्हटलं, जरा सरक गं. तर शेजारच्या खोलीतली नवी सून चटकन डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागली. तिला वाटलं कुणी पुरुष आला. मागे वळून मला बघितलं आणि बिचारी लाजेने लाल झाली. मी लाल झाले की नाही माहीत नाही, पण माझी कळशी भरून वाहत राहिली आणि नळ बंद करायचं मला सुचलं नाही.

*

त्याआधी दोनच दिवस मोर्चा झाला होता. मी गेले होते, पण मागे उभी होते. घोषणा दिली नव्हती, घसा आतून चिरल्यासारखा वाटत होता म्हणून. ते कुणाच्या लक्षात नव्हतं. नळावरच्या बायका म्हणाल्या, घोषणा देऊन देऊन चंद्राक्काचा आवाज बसला. एकीने म्हटलं, दुसरीने धरलं, आणि मी कळशी उचलताना मान हलवली.

झालं. दुपारपर्यंत ज्येष्ठमध आला, खडीसाखर आली, मधातली हळद आली. आठ दिवसांत आवाज सुटला नाही, महिन्याने तर जाडच झाला, तेव्हा चाळीच्या मंडळाने ठरवलं की माझा सत्कार करायचा. महाराष्ट्रासाठी जिने आपला गळा दिला, असं भाषणात म्हणाले. मला नारळ दिला, खण दिला. तू वडाळ्याहून मुद्दाम आली होतीस. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस आणि शेजारणीला सांगत होतीस, माझी जाऊ आहे. मी खाली मान घालून बसले. लोकांना ती विनयाची वाटली.

त्याच दिवसांत कुसुमला बघायला आले. मुलाच्या आईने माझा आवाज ऐकला आणि चहाची बशी खाली ठेवली. हे लगेच म्हणाले, मोर्चात गेला. मुलाचे वडील चळवळीतले. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. म्हणाले, अशा घरची मुलगी आमच्याकडे आली तर आमचं भाग्य. म्हणजे बघ, माझ्या मुलीचं लग्न माझ्या आवाजावर जमलं.

*

आता ते सांगते ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

लग्नाआधी हळद कुटायचा दिवस. आपल्या खोलीत पाच सवाष्णी, मुसळाला आंब्याची पानं बांधलेली. विहीणबाई पण आल्या होत्या, मध्यभागी पाटावर बसलेल्या. डावा हात पूर्ण वर जात नाही म्हणून मी मुसळाला नुसता हात लावून बाजूला झाले आणि मोरीकडे चहाचं बघायला गेले. तू मागून आलीस. पडदा ओढून घेतलास. तुझे हात पिवळे होते. इतक्या हळू बोललीस की मुसळाच्या ठोक्यात अर्धं विरून गेलं.

"अक्का, तुमची पाळी जाताना छातीत गाठ आली होती का हो? मला लागतेय हाताला."

शालू, मी तुझ्याकडे बघितलंच नाही. चहाच्या पातेल्यात बघत होते. पडद्यापलीकडे दीड हातावर विहीणबाई बसलेल्या. खरं सांगायचं म्हणजे तुला मोरीतच चोळी सोडून दाखवायला हवं होतं. तू किंचाळली असतीस, रडली असतीस, बाहेर कळलं असतं, आणि चार दिवसांवर आलेलं लग्न त्याच पाटावर मोडलं असतं. हे सगळं मला एवढ्याशा वेळात दिसलं. कुसुमही दिसली, तू पण दिसलीस. आणि मी कुसुमला निवडलं.

मी म्हटलं, "येते गं ह्या दिवसांत. आपोआप जाते. आंबेहळद लाव."

तुझा चेहरा किती सुटला. तू हसलीस. हात धुतलेस आणि परत जाऊन मुसळ धरलंस, आणि मोठ्याने गाणं म्हणायला लागलीस. मी त्या पडद्याआड उभी राहून ते ऐकलं.

लग्न झाल्यावर सांगेन, असं मनाशी म्हटलं होतं. लग्न झालं. मग म्हटलं, पाचपरतावन होऊ दे. मग म्हटलं, पहिली मंगळागौर. मग कुसुमला दिवस गेले. सांगायचा दिवस माझ्याकडून पुढे पुढेच गेला. तू भेटायचीस तेव्हा मी विचारायचे, बरी आहेस ना? तू म्हणायचीस, बरी आहे. आंबेहळदीचा वास यायचा तुझ्या अंगाला. मला तो यायचा, तरी मी विचारलं नाही.

*

आठ महिन्यांनी इस्पितळाच्या बाकावर मी इंजेक्शनसाठी बसले होते. कंपाउंडरने नाव पुकारलं, मी म्हटलं, आले. माझा हा दगडी आवाज ऐकून दोन बाक पुढे बसलेली एक बाई वळली. तू होतीस. हातात केसपेपर, एकटीच. भाऊजींनाही न सांगता आली होतीस, ते नंतर कळलं.

तू उठून माझ्यासमोर आलीस. माझ्या मांडीवरची जाडजूड फाइल बघितलीस. आधी म्हणालीस, "तुम्ही गावी गेला होतात ना, अक्का?" मी फाइल पदराखाली घेतली. मग म्हणालीस, "आणि आवाज?" मी म्हटलं, "इंजेक्शनाने."

मग तू विचारलंस, "तर मला आंबेहळद का सांगितलीत?"

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. लहान मूल विचारतं तसं विचारलंस, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. मी त्या दिशेला बघितलं तेवढाच वेळ. परत वळले तर तू दरवाज्यातून बाहेर पडत होतीस. माझ्या पाठीने मला धावू दिलं नाही. थोड्या वेळाने आतून तुझं नाव आलं. तीनदा पुकारलं. मग त्यांनी पुढची बाई घेतली.

तू कुणाला काही सांगितलं नाहीस, हे मला भाऊजींच्या बोलण्यावरून कळतं. माझं गुपित तू झाकलंस आणि त्याच्याखाली स्वतःचंही. भाऊजी मला विचारत होते, वहिनी, हिला काय झालंय, हल्ली दोरीवर कपडे टाकताना उजवा हात वर करत नाही, पदर सोडत नाही, रागावते. मी त्यांना सांगायला हवं होतं. पण एकदा तुझ्या अंगाचा निकाल मी परस्पर लावला. दुसऱ्यांदा तसं करायला जीभ उचलली नाही.

*

आता माझं सांगते. इंजेक्शनं बंद केली. लागू पडेनाशी झाली. दुखणं पाठीतून मांडीत उतरलंय. मला खुर्चीत बसवून चौघं जिना उतरवतात, त्यातले दोघं त्या सत्काराच्या वेळी हार आणणारे. हौसाबाई गेली. तिच्या लेकीने येऊन सांगितलं आणि जाताना माझ्या उशाशी सुके बोंबील ठेवून गेली. महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागभर कंदील होते, लोकांनी मला खुर्चीत गॅलरीत नेऊन बसवलं, माझ्या नावाचा जयजयकार केला. मला आनंद व्हायला हवा होता. मी वडाळ्याच्या दिशेला बघत होते.

मी बरी होणार नाही, हे मला डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलंय. ऐकणाऱ्या बायांना धीर येईल असं काही लिहा, असं समाजसेविका बाई म्हणाल्या होत्या. बाई, माफ करा. माझ्याकडे तेवढा नाही.

काल हे कागद मी ह्यांना वाचायला दिले. वॉर्डात हे वाचलं गेलं की कुसुमच्या सासरी कळणार. हे चष्मा लावून दोन तास वाचत होते. मग घडी करून मला परत दिले आणि म्हणाले, "नारळ परत द्यायचा काय मंडळाला?" मी म्हटलं, तो आपण केव्हाच खाल्ला. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्या पायाशी बसले. नको म्हणाले नाहीत. आज सकाळी कुसुमकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आले. तिकडे काय झालं ते मला सांगत नाहीत. कुसुमचा काही निरोप नाही.

शालू, तू जा, बरी होशील, असं मी तुला म्हणणार नाही. एकदा मी तुला आपोआप जाते म्हटलं, आता त्या तोंडाने दुसरं काही गोड बोलायची माझी सोय राहिली नाही. उशीर झाला असेल. बहुतेक झालाच असेल. कापतील. शेक देतील. पाळी बंद करतील, वाफांनी जीव नकोसा होईल. मग कदाचित ही इंजेक्शनं, आणि एके सकाळी नळावर कुणाची सून तुला बघून पदर घेईल. तू विचारशील, मग कशाला जायचं? मी रात्रंदिवस ह्याचं उत्तर शोधतेय, मला सापडलेलं नाही. एवढंच माहीत आहे की त्या बाकावर बसलेल्या बायकांशी मला खोटं बोलावं लागलं नाही. सगळ्या मुंबईत तेवढा एकच बाक होता तसा. तिथे तू माझ्या शेजारी असायला हवी होतीस, आणि तुला तिथून उठवलं मी.

हे कागद वॉर्डात जायच्या आधी तुझ्या हाती पडतील. येत्या बुधवारी सकाळी आठला मला खुर्चीतून खाली उतरवतील, परळला दाखवायला न्यायचंय. टॅक्सीत मागे जागा आहे. तुला माझ्याबरोबर आत यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर नुसती घरी ये, इथे चटईवर बस, आणि त्या दिवशी विचारलंस ते पुन्हा विचार. मी उत्तर देईन, विहीणबाई समोर बसल्या असल्या तरी देईन. चहा कुणीही करील.

बुधवारी जमलं नाही तर पुढच्या बुधवारी ये, असं मी इथे आधी लिहिलं होतं. ते खोडलंय. ह्याच बुधवारी ये.